नवरदेवाची लाल बेडकी

माझं नाव मंसाराम. गाव आमचं चोरखमाऱ्याच्या तलावाखालचं, दारात उभं राहिलं का तलावाची पाळ दिसते, आन काय सांगू तुमाले, लहानपनी मले वाटे का जग त्या पाळीपाशीच संपते, तिकडं पानी आन इकडं धान, बस झालं. आमी कोहळी लोक. आमच्या आज्या-पनज्यानं तलाव खोदले, पाळी बांधल्या, असं म्हातारे सांगत, आन बाप बी मले तेच सांगे का पोट्ट्या, तू पान्याच्या घरचा आहेस, धानाच्या बांधीत उतर. पन माझं मन बांधीत नव्हतं लागत. मले आवाजाचा नाद. सडकेनं मिलचा ट्रक गेला का मी नागर सोडून उभा राहो, बैल माझ्याकडं पाहेत आन मी ट्रकाकडं. बाप म्हने, हा पोट्टा धानाचा नाही, डिझलचा आहे.

तं मंग बापानंच वळखीपाळखीनं मले गोंदियाले राईस मिलमधी लावलं. आंधी धानाचे बोरे उचलायचं काम, मंग ट्रकावर क्लीनर, मंग डायव्हर. गोंदियाले तुमाले माहीतच आहे, अर्धं बोलनं हिंदीच, मिलमधी तं सारंच हिंदी. सेठजी मले मंसाराम नाही म्हनत, मनसा म्हनत. माणूस चांगला होता, बोलनं तिखट पन हात सैल. घरी त्याची बायको, तिले आमी भाभीजी म्हनू, आन दोन लेक. लेक शिकायले बाहेर राहेत.

आन एक दिवस सेठजी बालाघाटकडून ते गाडी घेऊन आला. तिकडं खानीवर एक मोठा साहेब होता, तो देश सोडून चालला होता, त्याची गाडी. विलायती गाडी, नाव काही माझ्या जिभेवर बसलं नाही आजपावेतो. लाल रंग, दोनच दारं, वरचं छप्पर कापडाचं, पाहिजे तवा मागं घडी करून टाका. जमिनीले इतकी लागून का आत बसलं का मांडी आन रस्ता यात एक पत्राच, असं वाटे. पुढं दोन गोल डोळे वर आलेले. मिलच्या बाया धान पाखडता पाखडता हासल्या, एक म्हने, अवो माय, ही तं बेडकी होय. बस. तेच नाव पडलं. सेठजी आंधी चिडला, मंग तोबी म्हनाले लागला, मनसा, बेडकी निकाल.

गिअर खालून, बुडापाशी, नान्हीशी दांडी, वर लाकडाचा गोटा. आमच्या ट्रकाचा गिअर म्हनजे दोन हातानं ओढा, आन हिचा, बाप्पा, मनगट हालवलं का पडला. दुसऱ्यातून तिसऱ्यात टाकताना एक आवाज करे, गळा साफ केल्यावानी, आन मंग जे निघे का मागचं धुराळ्यात काही दिसे नाही. सेठजीले चालवायची हौस भारी, पन त्याले सडक नाही भेटली. तवाच्या आमच्या सडका, मुरमाच्या, धानाच्या बंड्यांनी चाकोऱ्या पडलेल्या, बेडकीचं पोट घासे. मंग सेठजी उतरे, मी उतरो, दोघं धक्का मारू, भाभीजी आत बसून हासे. सेठजीच्या पांढऱ्या धोतराले चिखल. तो म्हने, मनसा, शौक महंगा नहीं है, रस्ता सस्ता है. मले तं काही समजे नाही पन मी हासो.

अशी बरसं गेली. मंग सेठजीले आजार झाला, छातीचा. लेक आले, मिल इकायचं ठरलं. मिलचं सामान निघाले लागलं, वजनकाटा गेला, ट्रक गेले, आन बेडकी गोदामाच्या कोपऱ्यात, टायर बसलेले. लेक म्हने, भंगारवाल्याले बलावतो. खोटं कायले सांगू, लेकाचं बी चुकलं नाही, तवा ते गाडी कोनी फुकट घेत नव्हतं. पार्ट भेटत नाही, पेट्रोल पिते मायंदाळ, बसतेत दोन मानसं. सेठजी खाटेवर होता. त्यानं मले बलावलं आन म्हनलं, मनसा, तू ले जा. कटवाना मत. भाभीजी बाजूले उभी होती. तिनं नारळ आनला, बेडकीच्या पुढं फोडला, आन अर्धा मले देल्ला. कागद सेठजीच्या नावाचे होते तसेच राहिले. कोन जाते ऑफिसात नाव बदलाले, आन सेठजीचं बोलनं म्हनजे आमाले कागदच होता.

घरी आनली तं आमची कमला, माझी बायको, दारात उभी. म्हने, अजी, हे काऊन आनलं? म्या म्हनलं, सेठजीनं देल्ली. ते म्हने, दूध देते का? नांगर ओढते का? मंग कायले आनलं? कोठ्यात आता बकऱ्या बांधू का हिले बांधू? सारं गाव जमा झालं होतं, सारे हासून राहिले, आन मी आपला दुपट्ट्यानं काच पुसून राहिलो.

पन पाहा, नशीब कसं असते. आमच्या शेजारी फागून राहे, त्याच्या लेकाचं लगन जुळलं. वरातीले बैलबंडी होती, ट्रॅक्टर होता, पन लेक म्हने, मंसारामकाका, मले बेडकीवर न्या ना. म्या म्हनलं, पेट्रोल टाक, नेतो. कमलानं तवा पहिल्यांदा तिले हात लावला. झेंडूचे हार केले, आंब्याची पानं लावली, छप्पर मागं पाडलं, आन नवरदेव बाशिंग बांधून बसला, उघड्या गाडीत, आभाळाखाली, गावोगावचे लोक सडकेवर येऊन पाहून राहिले. बंद गाडीत नवरदेव दिसतोच कुठं? बेडकीत तो डोक्यापासून कंबरेपावेतो दिसे. त्याच लगनात दुसऱ्या दोघाजनांनी मले बोलावनं देल्लं. आन मंग तुमाले काय सांगू, उन्हाळा लागला का आमच्या घरी पाव्हने येत, ते लगनाचं बोलावनं कराले नाही, गाडी सांगाले. तिरोडा झालं, गोरेगाव झालं, आमगावपावेतो नाव गेलं. लोक तारीख काढताना भटजीले इचारत आन मंग मले इचारत, मंसारामची बेडकी खाली आहे का त्या दिवशी.

कामाची वाटनी आमची अशी होती का इंजिन माझं आन सजावट कमलाची. आमचा मनोज तवा नान्हा होता. कमला रोवनीच्या दिवसात दुसऱ्याच्या बांधीत जाये, दिवसभर वाकून, गुडघ्याएवढ्या चिखल-गाऱ्यात, आन उन्हाळ्यात फुलं. तिच्या हाताचा हार कधी तुटला नाही. शीट फाटली तं तिनंच शिवली, सुईनं, जाड दोऱ्यानं, लाल कापड गोंदियाच्या बजारातून आनून. नवऱ्या तिले बोलत, काकू, तुमची बी कधी बसायची हौस होते का? ते म्हने, मी रोजच बसतो बाई, धुवाले.

एक लगन तुमाले सांगतो, ते सांगलं नाही तं काही सांगलं नाही. आमगावच्या पलीकडं एक गाव आहे, पोवारांचं, मोठे शेतकरी. नवरी तिथली, नवरदेव इकडं गोंदियाजवळचा, सोसायटीत नोकरीले, गरीब सभावाचा पोट्टा. लगन लागलं, जेवनं झाली, दुपारी नवरी वाटे लागली. वरातीचा ट्रॅक्टर आन बाकी पाव्हने आंधीच निघून गेले होते, आमी तिघंच मागं, ते दोघं बाजूच्या एकाच शीटवर दाटून. ऊन असं का डांबर चिकटून राहिलं चाकाले. मी गाडीपाशीच राहिलो म्हनून माझ्या पोटात सकाळपासून काही नव्हतं, वरून छप्पर उघडं. एका जागी आलो तं माझ्या डोळ्यापुढं सडक हालाले लागली. म्या कशीतरी गाडी मोहाच्या झाडाखाली घेतली आन तिथंच स्टेरिंगवर डोकं टेकलं. ऊन लागलं होतं. घाम बंद, अंग तापलेलं, उलटी. नवरदेव घाबरला, दुपट्टा भिजवून माझ्या डोक्यावर ठेवे आन सडकेकडं पाहे, तं सडकेवर कुत्रं नाही. तो म्हने, आता का करावं काका, मले तं सायकलच येते.

आन नवरी बसली होती, पदर डोक्यावर, आतापावेतो तिनं तोंड उघडलं नव्हतं. ते म्हने, मले येते.

नवरदेव म्हने, काय येते?

ते म्हने, गाडी येते. बाबाचा मेटाडोर मीच चालवतो, धान भरून खळ्यावरून घरापावेतो. काकाले दवाखान्यात न्या लागते, इथं झाडाखाली बसून का होते?

मंग तिनं पदर कंबरेले खोचला, बांगड्या वर सारल्या, मले त्या दोघांनी उचलून बाजूच्या शीटवर टाकलं, आन नवरदेव गेला मागं. मागं काय जागा होती, एक पिशवी ठेवायची फळी, त्याच्यावर तो गुडघे हनोटीले लावून, बाशिंगासकट. म्या डोळे मिटून होतो पन कान उघडे होते माझे. तिनं क्लच दाबला, पहिला टाकला, गाडी एक उडी मारून बंद. म्या तशातच म्हनलं, बाई, क्लच हळू सोड, हे मेटाडोर नाही. ते म्हने, काका, तुमी पडून राहा. दुसऱ्यांदा निघाली. दुसरा पडला, तिसरा पडला, तो आवाज झाला ना गळा साफ केल्याचा, तवा म्या समजलो का आता भेव नाही. मागून नवरदेव म्हने, जरा हळू. ते म्हने, तुमी काकाचं डोकं धरा.

रस्त्यात एका डॉक्टरकडं मले सलाईन लावलं, जीव आला, पन हात कापून राहिले होते, तं पुढं बी तिनंच चालवली. नवरदेवाच्या गावात शिरलो तं बँडवाले तयारच उभे होते, बँड सुरू झाला, आन गाडी जवळ आली तसा एक एक बाजा बंद पडाले लागला. सारे पाहून राहिले. स्टेरिंगवर नवरी, बाजूले डायव्हर झोपलेला, आन नवरदेव मागं गठुड्यावानी. सासूच्या हातात आरतीचं ताट, ते म्हने, अवो माय, हे का होय? म्या म्हनलं आता या पोरीचं का होते काय मालूम. पन सासरा पुढं आला. म्हातारा उंच, मिशावाला. त्यानं गाडीकडं पाहलं, माझ्याकडं पाहलं, हाताले सलाईनची पट्टी होती माझ्या, सारं समजला. मंग सुनेले म्हने, हँडब्रेक ओढला का बाई? ते म्हने, हो मामाजी, ओढला. म्हातारा बायकोकडं वळला आन म्हने, मंग झालं, उतरवा तिले, ओवाळा, उभी काऊन आहेस? आन बँडवाल्यांवर ओरडला, वाजवा ना रे!

त्या दिवशी बँड जसा वाजला तसा मी कधी आयकला नाही. पोरगी सुखात आहे. नवरदेवबी सुखात आहे.

असे दिवस होते. मंग हळूहळू सारं बदललं. मोठ्या गाड्या आल्या, उंच, वरून झरोका उघडनाऱ्या, नवरदेव त्यातून बाहेर निघून नाचते. रथ आले, घोडे आले, डिजे आला. बेडकीले कोनी इचारे नाही. आंधी लोक म्हनत, काका, तारीख द्या ना, मंग म्हनाले लागले, काका, ते गाडी अजून आहे का तुमच्याकडं? एक बरस असं गेलं का पूर्ण सीझन कोठ्यात उभी, अंगावर तनसाचा, धानाच्या पेंढ्याचा ढीग, कोंबडी शीटवर अंडे घाले. भंगारवाला दोनदा आला, काटा घेऊन, जसा काही कांदा तोलायचा आहे. कमलानं त्याले हाकललं. मनोज आता रायपूरले आहे, त्याची गाडी बिनक्लचची, तो म्हने, बाबा, टाका इकून, जागा खाली होईन. मी त्याच्या गाडीत बसलो होतो एकडाव. चांगली आहे, थंडगार. पन चालवनाऱ्याचा डावा पाय नुसता बसून राहते, बिनकामाचा, ते पाहून मलेच कसंतरी झालं.

पन तरीबी मी रोज सकाळी तिले चालू करत होतो. पाच-दहा मिनिटं. नाहीतं इंजिन जाम धरते.

मंग काय झालं, गावात एक लगन होतं, तिथल्या पोरांनी बेडकीवर बसून फोटो काढले, व्हिडिओ केला, माझा गिअर टाकतानाचा हात बी त्यात होता, आन तो टाकला मोबाईलवर. आन फोन सुरू झाले. नागपूरहून, भोपाळहून, कुठून कुठून. पहिल्यानं एकानं जुन्या ट्रॅक्टरएवढी किंमत सांगतली. मले वाटलं मस्करी करते. दुसरा नव्या ट्रॅक्टरवर गेला. मी फोन ठेवून देत होतो आन ते पुन्हा करत, आन दर डाव वर चढत. म्या एकाले इचारलं, भाऊ, हे गाडी तं कोनी फुकट घेत नव्हतं, आता तिले असं काय लागलं? तो म्हने, काका, हातानं गिअर टाकायच्या अशा पळनाऱ्या गाड्या आता बनत नाहीत, ज्या आहेत तेवढ्याच आहेत, आन ज्यायच्याकडं सारं आहे त्यायले आता हेच पाहिजे. पाहा, आमी जे गरजेनं केलं त्याची आता हौस झाली. मले हासू बी आलं आन बरं बी वाटलं, खोटं नाही सांगत. वाटलं, बेडकीचा मान वापस आला.

तरी इकायचं मनात नव्हतं. पन कमलाचे गुडघे. आयुष्यभर गाऱ्यात वाकून वाकून ते गुडघे असे झाले होते का भिंत धरल्याबिगर उठे नाही. नागपूरच्या डॉक्टरनं सांगतलं, दोन्ही बदला लागतेत. म्या म्हनलं, इकतो गाडी. तं कमलाच चिडली. म्हने, माझ्या गुडघ्यासाठी बेडकी इकता? लोक का म्हनतीन? म्या म्हनलं, लोक काहीच म्हनत नाही, लोकाले गुडघे आहेत. चार दिवस बोलली नाही माझ्यासंगं. पाचव्या दिवशी म्हने, कोन घेते ते मी पाहीन, मंगच.

तं रायपूरचे एक साहेब आले. पन्नाशीचे असतीन. त्यायनं पहिले गाडीचे पैसे नाही इचारले. जमिनीवर दुपट्टा टाकला, उलटे झोपले आन गाडीच्या खाली पाहत राहिले खूब वेळ. मंग उठून शीटवर हात फिरवला आन कमलाले म्हने, ये सिलाई किसने की? कमला म्हने, मैंने. ते म्हने, इसको ऐसेच रखूँगा. बस. कमलानं माझ्याकडं पाहलं, म्या समजलो.

बोलनं ठरलं, आन तिथंच खोडा पडला. बातमी गोंदियाले गेली. सेठजी तं कवाचे वारले होते, त्याचा नातू आला घरी, चांगला शिकलेला पोट्टा, हात जोडून आला, चहा घेतला, आन म्हने, मंसारामजी, गाड़ी दादाजी के नाम पर है. आपने सँभाली, आपको उसका कुछ दे देंगे, पर गाड़ी तो घर की है. कागद त्याचा खरा होता. माझ्याकडं अर्धा नारळ, तो बी कवाच खाल्लेला. पोट्टा गेल्यावर मी कोठ्यात जाऊन बसलो. राग कमी आन लाज जास्त, जसं काही म्या चोरून आनली होती. जेव्हा कोनी घेत नव्हतं तवा कोनाले आठवली नाही, आन आता घरची झाली. कमला भिंत धरत धरत आली, म्हने, असं बसून का होते? भाभीजी आहे ना जिती? चाला तिच्याकडं. मी बी येतो.

दुसऱ्या दिवशी बेडकी काढली आन आमी दोघं गोंदियाले. छप्पर मागं पाडलं होतं. कमलाले बाजूले बसवताना पाय आत घ्याले तकलीब झाली पन बसली. रस्त्यानं ते एकच बोलली, म्हने, भांडायचं नाही तिथं, देल्ली तं देल्ली, नाही तं नाही.

भाभीजी आता ऐंशीच्या वर, आन बारीक झालेली, पन मले पाहल्याबरोबर वळखलं. मनसा, कितना बूढ़ा हो गया रे तू. नातू बाजूले उभा. म्या पाय पडलो आन इचारलं, भाभीजी, सेठजीनं बेडकी मले देल्ली होती, तुमी नारळ फोडला होता, आठवते ना? भाभीजीनं खूब इचार केला. डोळे बारीक केले. मंग म्हने, मुझे याद नहीं, मनसा.

कमलानं माझा हात धरला, सोफ्यावर बसल्या बसल्या. नातू खाली पाहून राहिला.

तं भाभीजीच बोलली. म्हने, याद तो नहीं है. पर तू कह रहा है तो दी होगी. और सुन बेटा, नातवाले म्हने, इतने साल मैंने माँगी नहीं, तेरे बाप ने माँगी नहीं, तूने पूछा नहीं कि है कि मर गई. तो फिर अपनी काहे की? जो रोज सुबह चालू करता है उसकी है.

बस, इतकंच. पोट्ट्याचं तोंड लाल झालं, पन मानूस खानदानी, त्यानं आजीपुढं मान हालवली. म्हने, दादी ठीक कह रही है, जहाँ साइन लगेगी कर दूँगा. त्यानं केली बी, पुढं सारी धावपळ त्यानंच केली, त्याले नाव ठेवाले जागा नाही.

आन मंग भाभीजी म्हने, अब घुमा तो दे. म्या इचारलं, कहाँ? ते म्हने, नागरा चल. महादेव के दर्शन नहीं हुए बहुत दिन. तं कमला तिथंच राहिली, चहा पीत, म्हने, जा तुमी, आता तिची बारी आहे. नातवानं आजीले उचलून शीटवर बसवलं. गावाबाहेर आलो, सडक आता गुळगुळीत, म्या तिसरा टाकला, चौथा टाकला. भाभीजीचे पांढरे केस उडून राहिले आन ते हासे, मोठ्यानं, जशी सेठजी धक्का मारताना हासे तशीच. देवळाच्या दारात गाडी उभी केली, तिनं बसल्या जागीच हात जोडले. वापस येताना म्हने, सेठजी को ऐसी सड़क नहीं मिली रे. म्या बेडकी चौथ्यातच राहू देल्ली.

बेडकी गेली ते एका मोठ्या ट्रकावर चढून गेली. कमलानं हार नाही केला. म्या इचारलं तं म्हने, लगन आहे का कोनाचं? धुवून मात्र देल्ली, चांगली, चाकं बी, आन एक जुनं अंडं निघालं शीटखालून, ते फेकलं. शेजारी म्हनत, मंसाराम, लेक सासरी गेल्यासारखं वाटत असन. म्या म्हनलं, नाही गा, लेक लेक आहे आन गाडी गाडी आहे. पन दोन-चार सकाळी मी उठून कोठ्यात गेलो, हातात चाबी नाही, आन उभा राहिलो, हे बी खरं आहे.

कमलाचे गुडघे झाले. दोन्ही. आंधी रडली दुखन्यानं, मले शिव्या देल्ल्या, मंग काठी धरून चालली, मंग काठी सोडली. आता आमी दोघं संध्याकाळी पाळीवर फिराले जातो. मी आयुष्यभर दुसऱ्यायच्या नवऱ्या फिरवल्या, माझी बायको म्या आता पायी फिरवून राहिलो, आन तेच मले चांगलं वाटते. पानी उतरलेलं असते, बगळे असतेत, पलीकडं धान हिरवं. रायपूरचे साहेब कवा कवा मोबाईलवर आवाज पाठवतेत, फोटो नाही, नुसता आवाज, त्यायले माहीत आहे मले काय पाहिजे ते. परवा पाठवला. कमलानं फोन कानाशी धरला, मंग माझ्या कानाशी. दुसऱ्यातून तिसऱ्यात गेली. कमला म्हने, बराबर चालवून राहिले का जी? म्या म्हनलं, बराबर.

चालवो बाप्पा. त्याच्या हाताले, पायाले जोर राहो, सडक चांगली भेटो. भाभीजीले अजून दोन-चार उन्हाळे दिसो. आमचं काय, आमाले पाळ आहे फिराले. अंधार पडून राहिला आता, तुमी बी पाळीवरून उतरा जपून, त्या बाजूले दगड निसटते आहेत.